जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी घेताना: किंमत उतरते, खर्च का उतरत नाही?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्यांची खरेदी झाली. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन केलेला तो सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. सरासरी काढली तर एक गाडी ४३ लाखांच्या घरात जाते. देशभर त्याची बातमी झाली होती.

त्या काळातल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली किंवा संपली. नूतनीकरण करून अनेक गाड्या अजून धावताहेत आणि जुन्या बाजारात पाच-सात लाखांत मिळतात. नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत मर्सिडीज! मोह पडणारच. गेल्या महिन्यात तो माझ्या भाच्याला पडला. तो नाशिकला असतो, नऊ लाख रुपये हाताशी आहेत, आणि २०१४ सालची एक जर्मन डिझेल सेडान त्याच्या मनात भरली होती. "मामा, घेऊ का?" एवढंच त्यानं फोनवर विचारलं. मी स्वतः अशी गाडी पाच वर्षं वापरली आहे, तिच्यावर जीव लावला आहे आणि तिचा एकेक खर्च वहीत लिहून ठेवला आहे. त्यामुळे नुसतं 'घे' किंवा 'नको' म्हणून फोन ठेवणं मला जमलं नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे समजून घ्यायचं, की गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण तिच्या पार्टची उतरत नाही. ४३ लाखांची गाडी आपल्याला सहा लाखांना मिळाली म्हणून तिचा हेडलाइट सहा लाखांच्या गाडीचा होत नाही. तो ४३ लाखांच्या गाडीसाठीच बनवला होता, आजही तसाच बनतो, आणि त्याची किंमत वाढतच जाते. मजुरीचंही तसंच. म्हणून देखभालीचा अंदाज बांधताना आपण मोजलेले पैसे विसरायचे आणि शोरूममधली मूळ किंमत डोळ्यांपुढे ठेवायची.

मग किंमतच एवढी का पडते? पहिला मालक जे पैसे देतो त्यातला मोठा भाग कराचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर २० ते २२ टक्के सेस होता. आता सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर आरटीओचा कर वेगळा. हे सगळं पहिल्या मालकाच्या खिशातून गेलेलं असतं आणि विकताना परत येत नाही. त्यात या गाड्या बहुतेक वेळा कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात. वॉरंटी संपायच्या सुमाराला, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मालक नवी घेतो. आणि शेवटचं कारण म्हणजे बाजाराला पुढचा खर्च ठाऊक असतो. जी गाडी फार स्वस्त दिसते, तिच्या किमतीतून पुढच्या दुरुस्तीची रक्कम बहुधा आधीच वजा झालेली असते.

चाकणला बनते, तरी पार्ट महाग का?

हा प्रश्न आपल्याकडचा माणूस हमखास विचारतो, आणि तो रास्त आहे. मर्सिडीजची जोडणी १९९५ पासून पिंपरीत होऊ लागली, २००९ मध्ये चाकणचा कारखाना उभा राहिला. ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला तयार होते, बीएमडब्ल्यू चेन्नईला. पण 'बनते' या शब्दाचा इथला अर्थ जोडणीचा आहे. मोठा भाग सुट्या सामानाच्या पेट्यांतून परदेशातून येतो आणि इथे जोडला जातो. त्यानं आयातकराचा बराच भाग वाचतो आणि नवी गाडी परवडते. पण दहा वर्षांनी तुम्हाला लागणारा एखादा व्हॉल्व्ह किंवा सेन्सर पुन्हा परदेशातूनच येतो.

शिवाय संख्येचा मुद्दा आहे. सगळ्या कंपन्यांच्या मिळून लक्झरी गाड्या भारतात वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास विकल्या जातात. एकटी मारुती एका महिन्यातच त्याहून कितीतरी जास्त गाड्या विकते. म्हणून स्विफ्टचा वॉटर पंप तालुक्याच्या दुकानातही मिळतो, तीन-चार कंपन्यांचा मिळतो, आणि किमतीत घासाघीस होते. जर्मन गाडीच्या पंपासाठी पुण्या-मुंबईच्या दोन-चार विक्रेत्यांना फोन करावे लागतात, आणि गाडी तोवर गॅरेजमध्ये उभी राहते.

या गाड्या वाईट बनवलेल्या नसतात

हे मी मनापासून म्हणतो. शंभराच्या वेगाला ती गाडी रस्त्याला जशी चिकटून चालते, ब्रेक जसा लागतो, दार जसं बंद होतं, ते बघितलं की कारागिरी कळते. पण प्रत्येक यंत्र काही गोष्टी गृहीत धरून बनतं. युरोपातल्या इंजिनिअरनं लांब महामार्ग, थंड हवा, चांगलं इंधन गृहीत धरलं. पहिली काही वर्षं भाडेकराराने चालणारी गाडी आणि पंचवीस-तीस हजार किलोमीटरनं एकदा ऑइल बदलणारा मालक गृहीत धरला. त्याच गाडीला आपण हिंजवडीच्या गर्दीत, ४२ अंशांत, दोन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी चालवतो. बिघाड कुठे होतात ते याच फरकातून कळतं.

उष्णतेपासून सुरू करू. इंधन कमी जळावं आणि धूर कमी व्हावा म्हणून २००० नंतरची बरीच युरोपीय इंजिनं मुद्दाम जास्त गरम चालवली जातात. हलक्या वेगात काही बीएमडब्ल्यू इंजिनांचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, शंभर अंशांच्या वर ठेवलेलं असतं. कूलंट दाबाखाली असल्यानं ते उकळत नाही. पण त्याच्या वाटेवर असलेलं सगळं प्लॅस्टिक दहा वर्षं भाजून निघतं. कूलंटची टाकी, पाइपचे जोड, थर्मोस्टॅटचं घर, व्हॉल्व्ह कव्हर हे सगळं बाहेरून शाबूत दिसतं, पण आतून बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. जोड बंद करणाऱ्या रबराच्या गॅस्केट कडक होतात आणि ऑइल झिरपू लागतं. यातला एकही पार्ट फार महाग नाही. पण एक बदलला की शेजारचा तडकतो. म्हणून जाणता मिस्त्री म्हणतो, "सायेब, कूलिंगचं काम सुटं सुटं करू नका, एकदाच सगळं करा." ऐकायला खर्चिक वाटतं, प्रत्यक्षात तेच स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट टायमिंग चेनची. ही नीट समजून घ्यावी, कारण जुन्या जर्मन गाडीतलं सगळ्यात मोठं बिल बहुधा इथूनच येतं. इंजिनात पिस्टन वरखाली होतात आणि व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांची लय चुकली तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा चुराडा होतो. ही लय राखते एक लोखंडी साखळी. ती सैल होऊ नये म्हणून एक टेन्शनर तिला ताणून धरतो आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या तिला वाट देतात. टेन्शनर चालतो ऑइलच्या दाबावर. ऑइल जुनं, काळं आणि पातळ झालं की दाब कमी पडतो, साखळी पट्ट्यांवर घासते, पट्ट्या झिजतात, तुटतात, आणि एक दिवस साखळी दात सोडते.

बऱ्याच गाड्यांत ही साखळी इंजिनाच्या पुढच्या बाजूला असते. मिस्त्री पुढचं कव्हर काढून हात घालू शकतो. बीएमडब्ल्यूच्या 'एन ४७' या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात, जे २००७ ते २०१४ या काळात बनलं आणि आपल्याकडच्या ३२० डी, ५२० डी, एक्स १ अशा गाड्यांत आलं, ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे तोंड करून बसवली आहे. साखळी आणि पट्ट्यांचा संच एरवी परवडण्यासारखा. पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो किंवा पुरतं इंजिन उतरवावं लागतं. काम दोन-तीन दिवसांचं, आणि बिलातला मोठा आकडा मजुरीचा. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत हा दोष जास्त दिसला. बीएमडब्ल्यूच्याच 'एन २०' या पेट्रोल इंजिनातही साखळीच्या पट्ट्यांची तक्रार होती. इंजिनाच्या मागून, सकाळी गार असताना, खळखळ ऐकू आली तर ती 'डिझेलचा आवाज' म्हणून सोडून द्यायची नाही.

तिसरी गोष्ट गिअरबॉक्सचं ऑइल. अनेक कंपन्या म्हणत आल्या की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' आहे, बदलायची गरज नाही. आयुष्य कुणाचं, हा खरा प्रश्न. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हर आणि काही ऑडींत बसणारा आठ गिअरचा उत्कृष्ट गिअरबॉक्स झेडएफ कंपनी बनवते. तीच झेडएफ सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलावं. आपण जुनी गाडी घेतो ती नेमकी याच टप्प्यावर. या एका कामाचं बिल फाइलमध्ये सापडलं तर तो मालक जाणता होता असं मी समजतो.

बाकीची माहिती भराभर सांगतो, कारण प्रत्येक मॉडेलचं दुखणं वेगळं आणि ते घेण्याआधी शोधून वाचायचं असतं. ऑडीच्या २००८ ते २०११ च्या सुमाराच्या १.८ आणि २.० लिटर टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंगची छिद्रं बारीक होती. ती काजळीनं बुजली की इंजिन ऑइल पिऊ लागतं. धातूच्या साखळीवर चालणारा मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स असलेली ए ४ किंवा ए ६ मी तरी घेणार नाही. डीएसजी या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे फोक्सवॅगन समूहाला २०१३ मध्ये जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यातलं ऑइल बदलावं लागलं. मर्सिडीजच्या 'ओएम ६५१' या डिझेल इंजिनाचे इंधन फवारणारे सुरुवातीचे इंजेक्टर मोठ्या संख्येनं बदलून द्यावे लागले, आणि २००२ ते २००६ मधल्या ई-क्लासला जी इलेक्ट्रॉनिक ब्रेकप्रणाली होती ती कंपनीनं नंतर काढूनच टाकली. लँड रोव्हरच्या सहा सिलिंडरच्या डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, तुटल्याच्या तक्रारी आहेत, आणि ते तुटलं की दुसरं इंजिनच शोधावं लागतं.

हवेच्या सस्पेन्शनबद्दल मात्र थांबून सांगतो. मोठ्या मर्सिडीज, काही ऑडी आणि रेंज रोव्हर स्प्रिंगवर उभ्या नसतात, हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभ्या असतात. बसायला गादीसारखं. रबराला आठ-दहा वर्षांत बारीक भेगा पडतात. मग हवा हळूहळू निघते, कॉम्प्रेसर ती भरत राहतो, आणि दमून जळतो. म्हणजे फुगा वेळेवर बदलला असता तर वाचला असता असा दुसरा खर्च अंगावर येतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली तर विकणारा काहीही सांगो, तिथून निघायचं.

आपला रस्ता, आपला पाऊस

पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो आणि बारीक कडेचा मोठा टायर त्यात आपटतो. अनेक बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी काही अंतर चालावेत म्हणून त्यांच्या भिंती कडक केलेल्या असतात, आणि डिकीत स्टेपनी नसते. जर्मनीत हे सोयीचं आहे. आपल्याकडे त्या कडक भिंतीला फुगवटा येतो आणि टायर फेकावाच लागतो. किंमत साध्या टायरच्या दीडपट-दुप्पट. सस्पेन्शनही नाजूक आणि गुंतागुंतीचं. ऑडी ए ४ च्या पुढच्या दोन चाकांना मिळून आठ आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, असतात, प्रत्येकाला बुश आणि बॉल जॉइंट. म्हणूनच ती वळणात इतकी छान चालते, आणि म्हणूनच खडखड सुरू झाली की एक आर्म बदलून भागत नाही.

पाण्याचं आणखी एक. बॅटरी आणि बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळी कामं सांभाळणारे छोटे संगणक, या गाड्यांत खाली असतात, सीटखाली, पायांपाशी, डिकीच्या तळाशी. सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्यात पानं-माती अडकली की पाणी थेट गालिच्याखाली उतरतं. बाहेरून काही दिसत नाही, आणि महिन्याभरानं काचा वर होत नाहीत, वायपर आपोआप चालू होतात. पुरात बुडालेली गाडी तर धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकली जाते. गालिचा उचलून खाली हात फिरवावा, सीटच्या रुळांचा गंज बघावा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का ते पाहावं.

डिझेल घेणाऱ्यानं काजळी अडवणाऱ्या फिल्टरचाही विचार करावा. त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर तो तुंबणारच. अशा माणसानं पेट्रोल घ्यावी. यात दुमत नसावं.

माझी वही

आता माझ्या गाडीचा हिशेब. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एका गाडीवरून सगळ्यांचा न्याय करणं बरोबर नाही. २०१२ ची डिझेल सेडान, २०१९ मध्ये साडेअकरा लाखांना घेतली, दुसरा मालक मी. पाच वर्षांत ५२,००० किलोमीटर चालवली आणि सव्वापाच लाखांना विकली.

पाच सर्व्हिसिंगचे मिळून १ लाख १० हजार. हे बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये. चार टायर ८८ हजार. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड ६२ हजार, पुढचे आर्म आणि बुश ५८ हजार, एसीचा कॉम्प्रेसर ५५ हजार, गिअरबॉक्सचं ऑइल ४२ हजार, ऑइलगळतीच्या गॅस्केट ३१ हजार, बॅटरी २८ हजार. राहिला वॉटर पंप. मे महिन्यात खंबाटकी घाटात लाल दिवा लागला. बायको म्हणाली, "अहो, वर पोचून थांबू." मी तिथेच कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. टोइंगनं पुण्याला आणली. मिस्त्रीनं कव्हर काढून बघितलं आणि म्हणाला, "थांबलात म्हणून इंजिनाचं हेड वाचलं." पंप, थर्मोस्टॅट आणि पाइप मिळून ६४ हजार. अजून दोन किलोमीटर चढलो असतो तर तो आकडा कितीतरी पट झाला असता.

सगळं मिळून ५ लाख ३८ हजार. विम्याचे पाच वर्षांचे १ लाख ९० हजार. गाडीच्या किमतीतली घट सव्वासहा लाख. एकूण १३ लाख ५३ हजार, म्हणजे डिझेल सोडून महिन्याला २२,५५० रुपये. मला ही रक्कम जड झाली नाही, कारण ती गाडी चालवण्यात मला खरंच आनंद होता आणि मी आधीपासून पैसे बाजूला ठेवले होते. पण महिन्याची सरासरी हा कागदावरचा आकडा आहे. प्रत्यक्षात सात-आठ महिने एक रुपया लागत नाही आणि मग एका आठवड्यात साठ हजार लागतात. हप्त्यावर गाडी घेऊन हात रिकामा झालेला माणूस इथे अडकतो. मग तो काम पुढे ढकलतो, ढकललेलं काम मोठं होतं, आणि शेवटी गाडी तशीच विकायला निघते. बाजारातल्या 'एकदम स्वस्त' गाड्यांमध्ये अशा गाड्या बऱ्याच असतात. म्हणून भाच्याला पहिलं सांगितलं ते हे, की नऊ लाख आहेत तर गाडी सात लाखांची बघ आणि दोन लाखांना हात लावू नकोस.

खर्च कुठे वाचतो

वाचवायची खरी जागा पार्टच्या पेटीत आहे. गाडीची कंपनी स्वतः फार थोडे पार्ट बनवते. आर्म लेमफर्डरचे, शॉकअप सॅक्सचे, फिल्टर मानचे, थर्मोस्टॅट माहलेचा, लाइट हेलाचा, इंजेक्शनचं सामान बॉशचं. तोच पार्ट गाडीच्या कंपनीच्या पेटीत एका भावाला मिळतो आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीत बराच कमी भावाला. जाणकार गॅरेजवाला हा दुसरा पर्याय स्वतःहून सांगतो. ऑडीवाल्यांना आणखी एक सोय आहे. स्कोडा सुपर्ब आणि ऑडी एकाच समूहाच्या, शेंद्र्याला एकाच आवारात तयार झालेल्या, आणि कित्येक पार्टचा नंबर एकच. नंबर जुळवून स्कोडाच्या खिडकीवर चौकशी करायला काहीच हरकत नाही.

तिसरा प्रकार लोकल नकलेचा. बाहेरच्या प्लॅस्टिक पट्टीला चालेल, पण ब्रेक, कूलिंग आणि सस्पेन्शनला नाही. कुर्ल्याच्या बाजारातला वापरलेला पार्ट आरसा, दार, सीट, लाइट यांना उत्तम. वॉटर पंप किंवा एअरबॅग तिथून आणू नये.

गॅरेज निवडताना त्याच्याकडे कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर आहे का ते विचारावं: बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, ऑडीसाठी ओडिस. साध्या स्कॅनरला इंजिनाचे दोष दिसतात, पण गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि बाकीची मॉड्यूल नीट वाचता येत नाहीत. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवली तरी संगणकाला ते कळवावं लागतं, नाहीतर तो तिला जुनी समजून चार्ज करतो आणि ती लवकर मरते. ज्या गॅरेजला हे माहीत नाही तिथे गाडी देऊ नये. आणि असं गॅरेज आपल्या गावापासून तीनशे किलोमीटरवर असेल तर गाडी कितीही छान असली तरी विचार सोडावा.

कागदांचं थोडक्यात. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एनओसी आणून इथली नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, म्हणून तिथून गाड्या बाहेर पडतात. अशा गाडीची नोंदणी चालू आहे ना आणि एनओसी मिळणार ना, हे पैसे देण्याआधी आरटीओत बघावं. कर्जाचा बोजा उतरलाय का ते आरसीवर पाहावं. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड मिळत असेल तर घ्यावी, कारण तुंबलेल्या पाण्यात इंजिननं पाणी ओढलं तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करते.

भाच्यानं पसंत केलेली गाडी बघायला मी नाशिकला गेलो होतो. विकणाऱ्याला आदल्या दिवशी कळवलं होतं, की गाडी रात्रभर उभी असू द्या, सकाळी आम्ही आल्यावरच सुरू करा. सात वाजता पोचलो. बॉनेटला हात लावला तर गरम. कुणीतरी आधीच चालू करून ठेवली होती. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. एअरबॅगचा लागलाच नाही, म्हणजे तो कुणीतरी बंद करून ठेवला होता. स्कॅनर लावू का म्हटल्यावर, "त्याची काय गरज आहे काका, गाडी मक्खन आहे," असं उत्तर आलं. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो; तो स्कॅनरला दिसेल असा बाकीच्या मॉड्यूलमध्येही नोंदलेला असतो आणि तिथे मीटर मागे फिरवणाऱ्याचा हात सहसा पोचत नाही. आम्ही चहा घेतला आणि निघालो. भाचा वाटेत बराच वेळ गप्प होता.

परवा रात्री त्यानं दुसऱ्या एका गाडीच्या फाइलचे फोटो पाठवले. रंग त्याला फारसा आवडलेला नाही आणि मागच्या बंपरला ओरखडा आहे. पण अकरा बिलं आहेत, तारखा आणि किलोमीटर ओळीनं वाढत गेलेले, ऑइल दर दहा हजाराला बदललेलं, आणि ९६,००० किलोमीटरला गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची पावती. मालक साडेसात म्हणतोय, भाचा सातवर अडलाय. शनिवारी गाडी रॅम्पवर घ्यायची आहे. मी पहाटे पुण्याहून निघतोय.